बिनटिंबाचा आय

ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीतून वर काढलेली प्रेतं पाहिली. त्यातली पुष्कळ प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळतात. हे प्रकरण मिसळत नाही, कारण ते एका अक्षराचं होतं. खरं तर पूर्ण अक्षराचंही नाही, अक्षरावरच्या टिंबाचं.

खरी नावं मी देणार नाही. ज्या तरुणावर आळ आला त्याला आपण नितीन म्हणू. हे नाव उगाच निवडलेलं नाही. त्याचं खरं नाव इंग्रजीत लिहिलं तर त्यात दोनदा आय येतो, नितीनमध्येही तसाच येतो, आणि सगळी गोष्ट त्या आयचीच आहे.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना माझी बदली रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, हायवेवरच्या एका ठाण्यात झाली. लोटे एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांची गावं आमच्या हद्दीत होती. या भागात वास ही रोजची गोष्ट आहे. वास आला की माणसं खिडकी लावून घेतात, पळत नाहीत. त्या दिवशी मात्र एक अख्खी वाडी पळाली, कारण बातमी कारखान्याच्या आतल्या माणसाच्या नावानं आली होती.

सेकंड शिफ्टची बस जाऊन थोडा वेळ झाला होता. समाजमाध्यमावर टाकलेला एक मजकूर लोकांच्या मोबाइलवर फिरू लागला. नितीनचं नाव, नितीनचा फोटो आणि खाली इंग्रजी अक्षरांत मराठी: मी नितीन, कंपनीत गॅस सुटला, टाकी फुटली, जीव वाचवा, वर निघा. लोक घराला कडी न घालता वरच्या सड्याकडे, डोंगरावरच्या उघड्या कातळाकडे धावले. या पळापळीत एक आजोबा जांभ्याच्या पायऱ्यांवरून घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मी कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला फोन लावला, मग फायर स्टेशनला. गॅस सुटला नव्हता, टाकी फुटली नव्हती. आत काम नेहमीसारखं चालू होतं.

अंधार पडायच्या आत नितीन स्वतःच ठाण्यात आला. बरोबर वडील. वडिलांनी घाईत शर्ट उलटा घातला होता आणि ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

"साहेब, माझ्या पोरानं काय एक केलान नाय," ते दारातूनच म्हणाले. "फर्स्ट शिफ्ट करून आला, जेवला नि झोपला. मी पडवीतच होतो."

"बाबा, तुम्ही गप ऱ्हावा," नितीन म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "साहेब, फोन घ्या. काय बघायचा ता बघा."

मी फोन पाहिला. त्याच्या खात्यावर तसला मजकूर नव्हता. पण याचा अर्थ एवढाच की त्या खात्यावर नव्हता. त्याच नावाचं, तोच फोटो लावलेलं दुसरं खातं काढता येतं आणि काम झालं की पुसून टाकता येतं. तसं ते पुसलेलं होतंच. आमच्या हातात होते ते लोकांनी घाईत काढून एकमेकांना पाठवलेले स्क्रीनशॉट.

नितीनचा जीव कशात अडकला होता ते सांगितलं पाहिजे. तो ठेक्यावर ऑपरेटर होता. कित्येक वर्षांच्या ठेक्यानंतर कंपनी त्या महिन्यात काही जणांना कायम करणार होती आणि त्यात त्याचं नाव होतं. पोलिसांनी अटक केली की ते नाव गेलं. पुढं निर्दोष सुटला तरी रिकामी झालेली जागा कुणी त्याची वाट बघत ठेवणार नव्हतं. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि बाहेर जमलेल्या लोकांनाही माहीत होतं.

बाहेर आवाज चढत होता. हाड मोडलेल्या आजोबांचा मुलगा पुढं होता. तो टेम्पो चालवायचा. माणूस एरवी शांत, पण त्या दिवशी बापाला चादरीत घालून उचलून आणलेलं होतं.

"साहेब, त्याला आत कशाला खुर्ची दिलीत? कोंडा त्याला!"

"चौकशी चालू आहे."

"कसली चौकशी? नाव त्याचा, थोबाड त्याचा. आता आणि काय पायजे, आधार कार्ड?"

लोक हसले. गर्दी हसली की थोडी निवते, हा माझा अनुभव आहे. मी त्याला आत बोलावलं, त्याचा जबाब लिहून घेतला आणि रीतसर फिर्याद दाखल केली. नाव दुसऱ्याचं वापरून फसवणूक, अफवा पसरवणं, त्यातून झालेली दुखापत. आरोपीच्या रकान्यात मी 'अज्ञात इसम' लिहिलं. त्यानं वाचलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी नितीनचा मामाच आहे.

नितीनला अटक केली नाही. हजर राहण्याची नोटीस दिली. बाहेरची गर्दी पांगेपर्यंत तो ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारच्या बाकावर बसून राहिला. वरिष्ठांचा फोन आला. लोक रस्त्यावर यायच्या आत काय ते ठरवा, असा त्याचा सरळ अर्थ होता. मी "होय सर" म्हटलं. या दोन शब्दांत थोडा वेळ मिळतो.

कुठल्याही गुन्ह्यात एका कोऱ्या कागदाचे तीन भाग करायची मला सवय होती. पहिल्यात जे नक्की आहे ते, दुसऱ्यात जे लोक म्हणतात ते, तिसऱ्यात जे अजून बघायचं आहे ते. नवीन शिपायांनाही मी तेच शिकवायचो. बहुतेक चुकीच्या अटका दुसऱ्या भागातली गोष्ट पहिल्या भागात लिहिल्यामुळं होतात. त्या रकान्यांत मी लिहिलं: नक्की काय, तर मजकूर आणि फोटो. लोक काय म्हणतात, तर तो नितीननं टाकला. बघायचं काय, तर मजकूर लिहिणारा हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळे स्क्रीनशॉट छापून मागवले. मोबाइलवर वाचणं मला जमत नाही. छापलेल्या कागदावर पेन्सिल चालवता येते. ठाण्यातल्या महिला शिपाई कागद घेऊन आल्या. मूळच्या देवरुखच्या, कामाला चटपटीत आणि जिभेलाही.

"साहेब, प्रिंटरची शाई संपत आली वाटतं. टिंबं उठली नाहीत."

"कसली टिंबं?"

"आयवरची. हे बघा, नितीनमधली दोन्ही गेली. कालच सांगितलं होतं, नवीन शाई मागवा म्हणून. आपल्याकडं मागणी अर्ज जातो, शाई काही येत नाही."

मी चष्मा लावला. कागदावर असं होतं:

mı Nıtın. companyt gas sutla. tankı phutlı. jıv vachva, var nıgha.

खरंच एकाही आयवर टिंब नव्हतं. कागद खाली ठेवणार, तेवढ्यात माझी पेन्सिल jıv या शब्दावर थांबली. त्या शब्दात जे आहे आणि त्याला लागून आय आहे. जेच्या डोक्यावर टिंब स्पष्ट उठलं होतं. शेजारच्या आयवर नव्हतं. वाक्यांच्या शेवटचे पूर्णविरामही होते, आणि ते आयच्या टिंबाएवढेच असतात. शाई संपते तेव्हा ती अक्षर बघून संपत नाही.

"प्रिंटर ठीक आहे," मी म्हटलं. "लिहिणाऱ्यानंच टिंब दिलेलं नाही."

त्यांनी कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. "अगोबाई," एवढंच म्हणाल्या, आणि शाईचा विषय संपला.

वाचकांना वाटेल, एवढ्याशा रेघेत काय ठेवलंय. पोलिसाला विचारा. कारकिर्दीची पहिली वर्षं मी पंचनामे लिहिण्यात काढली. पहिली वेलांटी की दुसरी, यावरून आरोपीच्या वकिलानं मला भर कोर्टात उभं फाडलेलं आहे. फिर्यादीत नाव दीर्घ, जबाबात ऱ्हस्व, मग ही दोन माणसं की एक? इंग्रजीत तर त्या उभ्या रेघेचा आणखी घोळ. मोठा आय, छोटा एल, आकडा एक, रोमन एक, सगळे एकाच आईची लेकरं. म्हणूनच गाड्यांच्या नंबरांच्या मालिकेत आय आणि ओ देत नाहीत, ते एक आणि शून्यासारखे दिसतात. नाक्यावर उभा राहिलेला कुठलाही हवालदार हे सांगेल.

आधी वाटलं, आयच्या जागी एल घातला असेल. पण एल उंच असतो, ही रेघ बुटकी होती. मग आम्ही दोघांनी आपापल्या मोबाइलवर तसं अक्षर शोधायचा प्रयत्न केला. आयवर बोट दाबून धरलं की त्याचे भाऊबंद वर येतात. एकाच्या डोक्यावर तिरकी रेघ, एकाच्या टोपी, एकाच्या दोन टिंबं. बोडका एकही नाही.

"साहेब, सगळे सजून आलेत," शिपाई म्हणाल्या. "आपल्याला पाहिजे तो आलाच नाही लग्नाला."

मी रत्नागिरीला सायबर शाखेत फोन केला. तिथले उपनिरीक्षक तरुण होते. फोटो पाठवला. मिनिटभरात त्यांचा फोन आला.

"सर, हा तुर्की आय आहे."

"म्हणजे?"

"तुर्कस्तानच्या भाषेत दोन आय असतात. एक टिंबाचा, एक बिनटिंबाचा. दोन्ही वेगळी अक्षरं, उच्चारही वेगळे. आपल्याकडं इ आणि अ वेगळे तसं समजा. त्यांच्या कीबोर्डवर आपल्या आयच्या जागी तो बिनटिंबाचा असतो. टिंबाचा पार उजवीकडं, एलच्याही पलीकडं."

"नक्कल करणारे मुद्दाम वापरतात का असलं?"

"वापरतात सर. खोट्या वेबसाइटच्या नावात हमखास. एक अक्षर बदललं तरी डोळ्याला तेच नाव वाटतं."

इथं मी थोडा वेळ विचार केला. फसवायला मुद्दाम घातलं असतं, तर ते फक्त नावात घातलं असतं. इथं ते प्रत्येक शब्दात होतं. टाकीत, फुटलीमध्ये, जीवमध्ये, निघामध्ये. घाबरवणारा मजकूर घाईत लिहिणारा माणूस दर वेळी वेगळं अक्षर शोधत बसत नाही. त्याचं बोट नेहमीच्या जागी पडत होतं आणि त्या जागेवर दुसरं अक्षर बसलेलं होतं. हा डाव नव्हता, सवय होती. आणि ज्यानं लिहिलं त्याला ती दिसलेली नव्हती.

नितीनच्या फोनवर साधा इंग्रजी कीबोर्ड होता. त्याचे जुने संदेश त्याच्या परवानगीनं पाहिले. सगळ्या आयवर टिंबं. माझ्यापुरता तो सुटला होता. पण माझ्यापुरतं सुटून कुणाला कायम नोकरी मिळत नाही. लिहिणारा सापडायला हवा होता.

मी नितीनला विचारलं, "तुमच्या वाडीत तुर्कस्तानला कोण गेलंय?"

"तुर्कस्तान? साहेब, आमची मजल मुंबई नि आखात."

"जहाजावर कोण आहे?"

त्यानं वडिलांकडं पाहिलं. वडील म्हणाले, "एक हाय. आमच्याच भावकीतला. हल्ली सुट्टीवर आलाय."

"तो नाय करणार," नितीन लगेच म्हणाला. "आमचा वाद हाय, पण दादा असा नाय करणार."

वाद काय, ते मी तेव्हा विचारलं नाही. नाव कळल्यावर लगेच त्या नावामागं धावलं की माणूस सावध होतो, फोन पाण्यात पडतो. त्याऐवजी मी संपूर्ण वाडीची चौकशी ठेवली. देवळाच्या सभामंडपात सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की अफवा पसरली तेव्हा कोण कुठं होतं, हे प्रत्येकानं आपल्या फोनवरून माझ्या नंबरवर लिहून पाठवावं. लिहिलेलं असलं की जबाब घ्यायला सोपं जातं. हे खरंच होतं. फक्त पूर्ण खरं नव्हतं.

गावात असं काही सांगितलं की काय काय होतं, ते पाहण्यासारखं असतं. एका काकींनी मला देवीचा फोटो आणि 'शुभ सकाळ' पाठवलं. एका म्हाताऱ्यानं आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यात सुरुवातीला नुसतं "चालू झाला काय? झाला काय रे चालू?" ऐकू येत होतं. एकानं अंगठा पाठवला.

"अंगठा कशाला?" मी विचारलं.

"सही येत नाय साहेब, मग अंगठाच ना," तो म्हणाला, आणि सभामंडप हसला.

जहाजावरचा तो भाऊ खांबाला टेकून उभा होता. पस्तिशीचा, अंगानं भरलेला, पायात परदेशी बूट. सगळ्यांबरोबर तोही हसला. मग फोन काढून दोन्ही अंगठ्यांनी भराभर टाइप केलं. माझा फोन वाजला.

mı gharıch hoto. tv baghat hoto. aaı pan hotı.

मी फोन खिशात ठेवला आणि उरलेल्यांचे संदेश शांतपणे घेतले. सगळ्यांचे आभार मानले. निघताना त्याला आणि आणखी दोघांना सह्यांसाठी ठाण्यात यायला सांगितलं. एकट्याला बोलावलं असतं तर वाडीनं तिथंच निकाल लावला असता.

ठाण्यात त्याच्यासमोर मी दोन कागद ठेवले. एक अफवेचा, एक त्याच्या संदेशाचा. आवाज चढवला नाही. चौकशीत आवाज चढवणारा अधिकारी बहुधा त्याच्याकडं पुरावा नसल्याचं समोरच्याला सांगत असतो.

"हे तुझं?"

"होय. मीच पाठवलाय ना तुमाला."

"आणि हे?"

"ता नितीनचा."

"दोन्हींत सारखं काय आहे ते सांग."

त्यानं दोन्ही कागद वाचले. ओठ हलत होते. "शब्द वेगळे हायत," तो म्हणाला.

"शब्द नको बघू. आय बघ. टिंबं कुठं गेली?"

"कसली टिंबं?" तो खरोखर गोंधळला. मग म्हणाला, "स्क्रीनगार्ड फुटलाय साहेब माझा. त्यामुळं असेल."

कोपऱ्यातून महिला शिपाई म्हणाल्या, "स्क्रीनगार्ड कागदावर छापून येत नाही हो, भाऊ."

मी त्याला फोन टेबलावर ठेवायला सांगितला. "हा कुठं घेतलास?"

"इस्तंबूलला. जुना फोन डेकवरनं पाण्यात पडला. बंदरावरच्या दुकानदारानं सगळा चालू करून दिलान." बोलता बोलता त्याचा वेग कमी झाला. त्याचं बोट आपोआप कीबोर्डवर गेलं. वरच्या ओळीत नेहमीच्या जागी बोडकी रेघ. खालच्या ओळीत एलच्या पलीकडं टिंबाचा आय.

"हा कधी वापरत नाहीस?"

"तो दुसराच काय तरी वाटला मना," तो हळू म्हणाला. "हा हाताला येतो."

इतका वेळ ताठ बसलेला तो माणूस मग खुर्चीत खाली सरकला.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे कुठल्याही अधिकाऱ्याला पाठ असतं. म्हणून तो पुढं काही बोलायच्या आत मी दोन पंच बोलावले. फोन जप्त केला, कीबोर्डचे फोटो काढले, पंचनामा केला, फोन सीलबंद केला. नंतर त्या फोनमधल्या पुसलेल्या खात्याच्या खुणा प्रयोगशाळेनं काढून दिल्या आणि त्या समाजमाध्यमाच्या कंपनीनं दिलेल्या माहितीशी त्या जुळल्या. खटला त्यांवर उभा राहिला. पण दार उघडलं ते टिंबानं.

कारण त्यानं स्वतःच सांगितलं. गावात तो जहाजावर सेकंड ऑफिसर म्हणून ओळखला जायचा. प्रत्यक्षात तो मेसमन होता. खलाशांना जेवण वाढायचं, भांडी घासायची. काम मेहनतीचं आणि इज्जतीचं, पण त्यानं घरी वेगळं सांगून ठेवलं होतं आणि मग ते वर्षानुवर्षं सांभाळत बसावं लागलं. त्याच्या मागच्या सुट्टीत, शिमग्याच्या आधी, वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद झाला. त्याला लवकर जहाजावर परतायचं होतं, म्हणून शिमग्यात घरोघर फिरणारी ग्रामदेवतेची पालखी आधी आपल्या नव्या घरी यावी असा त्याचा आग्रह होता. ग्रुप नितीन चालवायचा. त्यानं मानाचा क्रम बदलणार नाही म्हणून सांगितलं. शब्दाला शब्द लागला. नितीनला मुंबईच्या एका मित्राकडून खरी गोष्ट कळलेली होती. त्यानं लिहिलं, "दादा, तू ऑफिसर जहाजाचा की भांड्यांचा?" आणि ग्रुपमधून त्याला काढून टाकलं.

"अख्ख्या वाडीनं वाचलान," तो म्हणाला. "सावर्ड्याला माझी सोयरीक ठरत होती. त्यांचा मामा त्या ग्रुपात. ते परत आलेच नाय. सांगा साहेब, मी कुणाचा काय बिघडवला होता?"

"आणि त्या आजोबांनी तुझं काय बिघडवलं होतं?"

त्यानं अफवेचा कागद उलटा करून ठेवला. "गाव पळवायचा नव्हता मना. नितीन खोटा पडावा एवढाच. लोक म्हणतील, ह्याची अक्कल बघा, आणि कंपनी हाकलेल. कोण खरंच पळेल असा वाटला नाय. आजोबा मना लहानपणी खांद्यावर घेऊन पालखी दाखवायचे."

शिपाई उठून बाहेर गेल्या. मी जबाब पुरा केला.

नितीनला बोलावून सगळं सांगितलं तेव्हा तो खूश होईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "साहेब, माझ्या जबाबात लिहा, मी त्याला भांडीवाला म्हणालो होतो ता."

"त्याची गरज नाही. त्यानं तुझा गुन्हा होत नाही."

"गुन्हा नसू दे. पण मी म्हणालो होतो. तेवढा लिहा."

लिहिलं. कारण विचारलंत तर, जबाब देणाऱ्याला जे सांगायचं आहे ते लिहून घेणं हे माझं काम होतं.

आता नितीनला कामावर ठेवायला ठेकेदाराला लेखी हवं होतं. मी ठाण्याच्या शिक्क्यानिशी पत्र दिलं की सदर इसमाविरुद्ध कोणताही पुरावा आढळला नाही आणि खरा आरोपी निष्पन्न झाला आहे. त्याचं काम टिकलं, पण कायम करायची त्या महिन्याची यादी तोवर निघून गेली होती आणि त्याला पुढच्या यादीची वाट बघावी लागली. कोर्टात द्यायचा अहवाल तयार करताना मात्र नवीनच अडचण आली. त्यात ते अक्षर लिहायला हवं होतं आणि आमच्या संगणकावर ते उमटेना. आमच्या रायटरनं, म्हणजे लेखनिक हवालदारानं, तीन प्रकारे करून पाहिलं. प्रत्येक वेळी यंत्र आमच्यावर उपकार केल्यासारखं टिंब घालून द्यायचं. शेवटी त्या जागा मी मोकळ्या सोडायला लावल्या आणि काळ्या शाईच्या पेनानं प्रत्येक ठिकाणी स्वतः एक बुटकी उभी रेघ ओढली. प्रत्येक रेघेशेजारी छोटी सही केली.

कोर्टातल्या कारकुनांनी कागद तपासले. जुने, काटेकोर गृहस्थ. पेन उचलून म्हणाले, "साहेब, टिंब राहिलं," आणि द्यायलाच निघाले.

मी त्यांचा हात धरला. "राहिलेलं नाही. नाहीच आहे. ह्या प्रकरणात पुरावा तोच आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

आरोपीला शिक्षा झाली. जहाजाची नोकरी गेली. नंतर तो चिपळूणकडं एका खानावळीत वाढपी म्हणून लागल्याचं कळलं, आणि या वेळी ते त्यानं घरी सांगितलं होतं. आजोबा काठी घेऊन चालू लागले. त्यांचा टेम्पोवाला मुलगा नितीनच्या घरी गेला, पडवीत बराच वेळ बसला, चहा घेतला आणि 'चुकलो' हा शब्द न उच्चारता उठला. नितीनच्या वडिलांनी मला सांगितलं, "न बोलता गेला, पण आला होता ना. आमच्यात तेवढा चालतो."

या प्रकरणानं मला काय शिकवलं? माणूस दुसऱ्याचं नाव घेऊ शकतो, फोटो घेऊ शकतो, 'मी अमुक' म्हणून दुसऱ्याच्या तोंडानं बोलू शकतो. हाताची सवय मात्र स्वतःचीच राहते, आणि ती त्याला स्वतःला दिसत नाही. इंग्रजीत ते अक्षर एकटं उभं राहिलं की त्याचा अर्थ 'मी' असा होतो. या माणसानं आपल्यातला मी लपवायला सगळं केलं आणि नेमका तोच दर शब्दात उघडा पडला. दुसरी गोष्ट, तपासात जे समोर आहे ते सगळेच बघतात. जे असायला हवं होतं आणि नाही, ते बघायची सवय लावून घ्यावी लागते. आणि तिसरी, जी कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवत नाहीत: चारचौघांत मारलेला टोमणा मारणारा संध्याकाळपर्यंत विसरतो. ज्याला लागतो तो त्याला बरोबर घेऊन जहाजावर चढतो.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी माझ्या फोनवर एक संदेश आला. नंबर ओळखीचा नव्हता.

Saheb, mi Nitin. Aaj permanent zalo. Aai-baba tumchi athvan kadhtat.

बायको म्हणाली, कोण आहे? मी तिला थांब म्हटलं. आधी टिंबं पाहिली, एकेका आयवरची. सगळी जागेवर होती. मग मजकूर पुन्हा वाचला.